चला नकाशावर : चुबुतची रेघ कुणी ओढली?



मध्यंतरी सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. वहीचं पान फाडून लिहिलेलं, चारच ओळींचं. तिनं विचारलं होतं, "काका, नकाशावर देशांच्या आणि राज्यांच्या रेघा असतात ना, त्या कोण काढतं? आणि तिथे राहणाऱ्या माणसांना विचारून काढतात का?"

पत्र वाचलं आणि मी चष्मा काढून स्वस्थ बसलो. परीक्षेत सीमा भराभर लिहिल्या, गुणही मिळवले. पण 'विचारून का?' असं काही मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. तेव्हा आजचा प्रवास या मैत्रिणीसाठी. आई-बाबांनाही शेजारी बसवा, कारण पुढे काही ठिकाणी त्यांनाही डोकं खाजवावं लागणार आहे!

ॲटलासमधलं दक्षिण अमेरिकेचं पान काढा. खाली खाली निमुळतं होत गेलेलं हे खंड. त्याच्या खालच्या टोकाकडे, उजव्या बाजूला, अर्जेंटिना. आता दक्षिणेकडची ४२ अंश आणि ४६ अंश ही दोन अक्षवृत्तं शोधा. या दोहोंच्या मधोमध, पश्चिमेला अँडीज पर्वत आणि पूर्वेला अटलांटिक महासागर, असा जो भलामोठा चौकोन दिसतो, तो चुबुत प्रांत. पाटागोनिया म्हणतात त्या भागातला हा एक प्रांत.

पटकन एक गणित करा बरं. एका अक्षांशाचं अंतर साधारण १११ किलोमीटर. मग उत्तर-दक्षिण चुबुत किती? ४४४ किलोमीटर, बरोबर! क्षेत्रफळ सव्वादोन लाख चौरस किलोमीटरच्या जवळ, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाऊण. आणि माणसं? २०२२ च्या जनगणनेत सहा लाखांच्या आसपास. एका चौरस किलोमीटरमागे तीन माणसंसुद्धा नाहीत! आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र असते. आणि आपण मे महिन्यात आंबे खातो तेव्हा तिथली मुलं स्वेटर घालून शाळेत जातात.

ढग येतात, पण अडकतात

इतक्या मोठ्या प्रांतात माणसं इतकी कमी का? उत्तर एका शब्दात : पाणी.

या भागात वारे पश्चिमेकडून वाहतात. पॅसिफिक महासागरावरून ओले वारे येतात, अँडीजला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि पाणी तिथेच ओतून मोकळे होतात. पर्वताच्या पलीकडे उतरतात ते कोरडे ठणठणीत. महाबळेश्वरात धो धो पाऊस आणि माणदेशात मात्र ढगांकडे लागलेले डोळे, हे तुम्हांला माहीत आहेच. तसंच तिथेही, फक्त दिशा तीच आणि पर्वत कितीतरी उंच. चुबुतच्या पश्चिम कडेला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे हिरवीगार अरण्यं आहेत, निळी सरोवरं आहेत. तिथल्या लोस आलेर्सेस राष्ट्रीय उद्यानात आलेर्से जातीचा एक वृक्ष सुमारे २६०० वर्षांचा आहे. म्हणजे गौतम बुद्धांच्या काळात तो रोपटं होता, म्हणा ना! या उद्यानाला २०१७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

पण थोडं पूर्वेला सरकलात की चित्र पालटतं. मैलोन् मैल उघडं पठार, काटेरी झुडपं, सोसाट्याचा वारा आणि मेंढ्या. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा नाही. या कोरड्या पठारातून अँडीजकडून निघालेली चुबुत नदी आठशेच्या वर किलोमीटर धावते आणि रॉसन शहराजवळ समुद्राला मिळते. तिच्याच नावावरून प्रांताचं नाव पडलं.

मिमोसा जहाजावरची माणसं

या भागात हजारो वर्षांपासून तेहुएल्चे लोक राहत होते. ग्वानाको हा उंटाच्या कुळातला प्राणी आणि रिया हा शहामृगासारखा पक्षी, यांची शिकार करत ते ऋतूप्रमाणे फिरायचे. त्यांच्या जमिनीला रेघा नव्हत्या. पाणवठे, वाटा आणि मुक्कामाच्या जागा होत्या.

२८ जुलै १८६५ रोजी 'मिमोसा' नावाचं जहाज इथल्या किनाऱ्याला लागलं. त्यातून दीडशेच्या आसपास माणसं उतरली. ती होती वेल्स देशातली. तिकडे शाळेत आणि कचेरीत इंग्रजीचा जोर वाढला होता. आपली वेल्श भाषा टिकवता येईल अशी जागा शोधत ही मंडळी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आली होती. आले ते नेमके भर हिवाळ्यात! किनाऱ्यावर प्यायला गोडं पाणी नाही. चुबुत नदीचं खोरं तिथून साठ-सत्तर किलोमीटर दूर. चालत गेले.

पहिली पिकं वाळून गेली. मग एक गोष्ट घडली, ती तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. १८६७ साली रेचल जेंकिन्स नावाच्या बाईच्या ध्यानात आलं, की नदी भरून वाहते तेव्हा तिचं पाणी शेजारच्या शेतापेक्षा उंचावर असतं. मग चर खणला तर पाणी आपोआप शेतात येणार नाही का? नवऱ्यानं चर खणला. पाणी आलं, गहू उगवला, वसाहत तगली. पुढे सगळ्या खोऱ्यात कालव्यांचं जाळं झालं. आजही या खोऱ्यात हिरवळ आहे ती त्या कालव्यांमुळे.

तेहुएल्चे लोकांनी या नवख्यांना शिकार शिकवली. मांसाच्या बदल्यात पाव, असा व्यवहार चालायचा. आणखी एक विशेष सांगतो. या वसाहतीच्या नियमांत अठरा वर्षांवरच्या स्त्रियांनाही मताचा अधिकार होता. इंग्लंडमधल्या बायकांना पार्लमेंटसाठी मत मिळालं १९१८ साली, तेही सगळ्यांना नाही!

नकाशावरची नावं वाचा, म्हणजे कोण कोण आलं ते कळतं. त्रेलेऊ म्हणजे लुईसचं गाव. लुईस जोन्स हे वसाहतीचे एक पुढारी. त्रेवेलिन म्हणजे गिरणीचं गाव. ही वेल्श नावं. रॉसन हे नाव वसाहतीला मदत करणाऱ्या अर्जेंटिनाच्या एका मंत्र्याचं. आणि गाइमान हे नाव तेहुएल्चे लोकांचं. या गाइमानमध्ये अजून वेल्श पद्धतीची चहाघरं आहेत. वेल्सची राजकन्या डायना १९९५ साली तिथे चहा पिऊन गेली होती.

पहिल्या रेघा : कुणाला विचारलं नाही

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ.

१६ ऑक्टोबर १८८४ रोजी ब्यूनोस आयर्स या राजधानीत एक कायदा झाला. त्यानं दक्षिणेकडच्या प्रदेशाचे तुकडे पाडले. उत्तरेला ४२ वं अक्षवृत्त, दक्षिणेला ४६ वं. पट्टी ठेवली, रेघ ओढली, चुबुत तयार! रेघ डोंगरातून जाते की गावातून, हे अक्षवृत्ताला थोडंच ठाऊक असतं?

तेहुएल्चे आणि मापुचे लोकांना तर कुणीच विचारलं नाही. उलट त्याच काळात, १८७८ ते १८८५ या वर्षांत, अर्जेंटिनाच्या सैन्यानं त्यांच्यावर मोहीम काढली. गावंच्या गावं उठवली, माणसं कैद केली. इनाकायाल नावाचे एक प्रमुख होते. त्यांना ला प्लाता शहरातल्या एका संग्रहालयात नेऊन ठेवलं. वस्तू ठेवतात तिथे माणूस! १८८८ साली ते तिथेच वारले. मरणानंतरही त्यांचे अवशेष संग्रहालयातच राहिले. शेवटी १९९४ साली ते चुबुतमधल्या तेका या गावी परत आणून सन्मानानं पुरले गेले. शंभराहून जास्त वर्षांनी माणूस घरी आला.

म्हणजे मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं : नाही, बहुतेक वेळा विचारत नाहीत.

एक रेघ : विचारून

पण थांबा. चुबुतच्या चौथ्या बाजूची, पश्चिमेकडची रेघ राहिलीच की!

अर्जेंटिना आणि चिली यांनी १८८१ साली करार केला होता. त्यांची सीमा अँडीजमध्ये कुठून जाणार? सर्वांत उंच शिखरांवरून आणि पाणी जिथे दोन बाजूंना वाटलं जातं तिथून. कागदावर किती सोपं! पण इथली गंमत पाहा. या भागात जुन्या हिमनद्यांनी डोंगर असे कापले आहेत, की उंच शिखरांच्या पूर्वेला उगम पावलेल्या काही नद्या पूर्वेला अटलांटिककडे न जाता वळून डोंगर फोडत पश्चिमेला पॅसिफिकला जातात. म्हणजे शिखरांची रेघ एकीकडे आणि पाण्याची रेघ दुसरीकडे. अर्जेंटिना म्हणे शिखरं धरा. चिली म्हणे पाणी धरा. मधल्या खोऱ्यांत राहणाऱ्यांचा देश कोणता?

भांडण ब्रिटनच्या राजाकडे निवाड्यासाठी गेलं. पाहणी करायला आले सर थॉमस होल्डिच. हे गृहस्थ त्याआधी आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीच्या मोजणीचं काम करत होते. जग किती लहान आहे, पाहा!

३० एप्रिल १९०२. त्रेवेलिनजवळच्या एका लहानशा शाळेत खोऱ्यातली माणसं जमली. ही बहुतेक वेल्श वस्ती. चुबुतच्या किनाऱ्यावरून पुढे येऊन इथे राहिलेली. त्यांना विचारलं गेलं, तुम्हांला कुठे राहायचंय? त्यांनी सांगितलं : अर्जेंटिनात. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजा सातवा एडवर्ड यांनी निवाडा दिला. वादातल्या प्रदेशाची वाटणी झाली आणि हे खोरं अर्जेंटिनाकडे राहिलं. नुसतं त्या सभेमुळेच तसं झालं, असं नव्हे. पण माणसांचं म्हणणं त्या निवाड्यात मोजलं गेलं. ती शाळा आज जपून ठेवली आहे. शाळेच्या खोलीत देशाची सीमा ठरावी, हे मला फार आवडलं.

प्रदेश आणि प्रांत यांत फरक काय?

रेघ पक्की झाली म्हणून काम संपलं का? मुळीच नाही. रेघेच्या आत कारभार कोण करणार, हा प्रश्न त्याहून मोठा.

१८८४ पासून चुबुत हा 'राष्ट्रीय प्रदेश' होता. म्हणजे गव्हर्नर राजधानीतून नेमून यायचा. इथल्या लोकांनी निवडलेली विधानसभा नव्हती. सिनेटमध्ये यांचं कुणी नव्हतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत अशा प्रदेशांतल्या लोकांना पहिल्यांदा मत देता आलं ते १९५१ साली!

मध्येच दक्षिणेकडच्या कोमोदोरो रिवादाविया शहराचा भाग वेगळा काढून तिथे १९४४ ते १९५५ लष्करी कारभार होता. कारण? तेल! १३ डिसेंबर १९०७ रोजी या गावात पिण्याच्या पाण्यासाठी भोक पाडत असताना खनिज तेल लागलं होतं. हवं होतं पाणी, मिळालं तेल. आज कोमोदोरो हे प्रांतातलं सर्वांत मोठं शहर आहे. राजधानी मात्र लहानसं रॉसन. आणि कोमोदोरोच्या नळाला पाणी येतं ते कोरड्या भागातल्या मुस्तेर्स सरोवरातून, लांबलचक जलवाहिनीनं.

जून १९५५ मध्ये कायदा झाला आणि चुबुत 'प्रांत' बनला. १९५७ साली त्यानं स्वतःचं संविधान लिहिलं. १९५८ पासून लोकांनी निवडलेला गव्हर्नर आला. (पुढे देशात लष्करी राजवटी आल्या तेव्हा हा हक्क काही वर्षं हिरावलाही गेला.) आज अर्जेंटिनात असे २३ प्रांत आहेत, शिवाय ब्यूनोस आयर्स हे स्वायत्त शहर. लहान असो की मोठा, प्रत्येक प्रांताचे सिनेटर तीनच.

चुबुतची विधानसभा २७ जणांची. गव्हर्नर चार वर्षांसाठी. प्रांताचे १५ विभाग आहेत, त्यांना 'देपार्तामेंतो' म्हणतात. पण आपल्या जिल्ह्यासारखी त्यांची स्वतंत्र कचेरी, जिल्हा परिषद वगैरे काही नाही. ते नकाशापुरते, मोजदादीपुरते. खरा स्थानिक कारभार चालतो नगरपालिकांतून. लहान वस्त्यांमध्ये ग्रामीण मंडळांतून. दोन गावांच्या मधे शंभर शंभर किलोमीटर माणूसच नसेल, तर मधल्या जागेला कचेरी कशाला हवी, नाही का?

देवमासे, पेंग्विन आणि वीज

किनाऱ्यावर आलात की वाल्देस द्वीपकल्प पाहायलाच हवं. अरुंद मानेसारख्या पट्टीनं ते जमिनीला जोडलेलं आहे. दोन्ही बाजूंना शांत आखातं. जून ते डिसेंबर इथे राइट व्हेल जातीचे देवमासे पिल्लांना जन्म द्यायला येतात. ('मासे' म्हणत असलो तरी ते सस्तन प्राणी, हे विज्ञानाच्या पेपरात विसरू नका!) संथ पोहणारा आणि मेल्यावर तरंगणारा म्हणून शिकाऱ्यांना तो 'राइट', म्हणजे सोयीचा वाटे. १९८४ साली अर्जेंटिनानं त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा ठरवून संरक्षण दिलं. १९९९ साली वाल्देस जागतिक वारसा झालं. दक्षिणेला पुंता तोंबो इथे लाखो मॅजेलॅनिक पेंग्विन घरटी करतात.

जवळच्याच पुएर्तो माद्रिन बंदरात १९७० च्या दशकापासून ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. त्याला वीज प्रचंड लागते. ती येते पार अँडीजमधल्या फुतालेउफू धरणातून, पाचशेच्या वर किलोमीटर तारांवरून. ती नदी जाते पॅसिफिकला आणि तिची वीज येते अटलांटिकला! पण धरण भरलं तेव्हा जुनी सरोवरं त्याखाली बुडाली. नव्या जलाशयाचं नाव ठेवलं आमुतुई किमेई. मापुचे भाषेत त्याचा अर्थ होतो 'हरवलेलं सौंदर्य'.

सोनं हवं की पाणी?

आता शेवटचा मुक्काम : एस्केल. छोट्या आगगाडीचं गाव. रूळ फक्त ७५ सेंटिमीटर रुंद! १९४५ साली ही वाफेची गाडी इथवर पोचली. आज पर्यटकांना थोड्याशा टप्प्यातून फिरवून आणते.

या गावाजवळ डोंगरात सोनं सापडलं. ते काढायचं तर सायनाइड हे जहाल विष वापरावं लागणार होतं. काहींना वाटलं, रोजगार मिळेल. काहींना वाटलं, पाणी नासेल. २३ मार्च २००३ रोजी गावानं मतदान घेतलं. शंभरातल्या ८१ जणांनी सांगितलं : नको. त्याच वर्षी प्रांतानं कायदा करून उघड्या खाणी आणि खाणकामात सायनाइड वापरण्यावर बंदी घातली.

प्रांताला असा कायदा करता आला, कारण १९९४ च्या दुरुस्तीनंतर अर्जेंटिनाचं संविधान म्हणतं, जमिनीतली संपत्ती मुळात त्या त्या प्रांताची. १९५५ ची ती 'प्रांत' नावाची पदवी इथे कामाला आली!

पण गोष्ट इथे संपली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेनं पठारावरच्या गास्त्रे आणि तेल्सेन या दोन विभागांत खाणींना वाट देणारा कायदा केला. तिथे चांदीचा मोठा साठा आहे. लोक रस्त्यावर उतरले, रॉसनमध्ये सरकारी इमारतींना आगी लागल्या. आठवड्याच्या आत कायदा मागे घ्यावा लागला. आगी लावणं चूकच. पण हेही ध्यानात घ्या, की पठारावर माणसं थोडी आणि कामधंदा त्याहून थोडा. त्यांतल्या काहींना खाण हवी होती. नदी मात्र खाली खोऱ्यातल्या शहरांना पाणी पाजते. वरच्या थोड्यांचं काम आणि खालच्या पुष्कळांचं पाणी, यांचा निवाडा कोणी करायचा? याचं उत्तर ॲटलासच्या मागच्या पानावर छापलेलं नाही. आई-बाबांशी बोलून बघा.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं. रेघा कुणीतरी दूर बसून काढतं. कधी पट्टीनं, कधी बंदुकीनं. पण रेघेच्या आत राहणारी माणसं विचारत राहिली, शाळेत जमली, मत मागून घेतलं, तर पुढचं त्यांना विचारावंच लागतं. एका दिवसात नाही. चुबुतला सत्तर वर्षं लागली. आणि ज्यांना कधीच विचारलं नाही, त्यांची गोष्ट आपण निदान विसरायची नाही.

या आठवड्याचा उद्योग

१. कोऱ्या कागदावर चुबुतचा नकाशा काढा. पट्टीनं किती बाजू काढता येतात आणि हातानं किती काढाव्या लागतात, ते पाहा. असं का, ते एका वाक्यात लिहा.

२. तुमच्या घरच्या नळाला किंवा विहिरीला येणारं पाणी कुठल्या नदीचं, धरणाचं, ते विचारा. ते सोडायचं की नाही, हे कोण ठरवतं, तेही शोधून काढा.

उत्तरं पाठवा. चांगल्या उत्तरांबद्दल आपण पुढे बोलूच. तोवर ॲटलास कपाटात ठेवू नका बरं का!

तुमचा,
नकाशेकाका